दाताखालचं धान आणि आठवी पासचा दाखला

धानाचा दाणा दाताखाली धरून त्याची ओल सांगणारी माणसं गोंदियाच्या धानबाजारात अजून आहेत. दाणा कट्कन तुटला तर माल वाळलेला, चेपला तर आणखी दोन उन्हं हवीत. सरकारी खरेदी केंद्रावर हाच निवाडा एक छोटं यंत्र करतं; आकडा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत न्यायचा. दात आणि यंत्र यांचं बहुतेक वेळा एकमत होतं. फरक एवढाच की यंत्राचा आकडा कागदावर चढतो, दाताचा चढत नाही. छोट्या धंद्याच्या मालकाला शिक्षणाचा किती उपयोग होतो, या वादाची सगळी गुंतागुंत मला या दोन निवाड्यांत दिसते.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश, गोंदिया शहरात रेल्वेचं मोठं जंक्शन. धंदे मोजायचे तर आधी राइस मिल, मग तेंदूपत्ता आणि बिडी, थोडी लाख, तलावांतली मासळी, आणि बाकी सगळीकडे असतात तशी किराणा, कापड, हार्डवेअरची दुकानं. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे राज्याच्या सरासरीहून जास्त. दरडोई उत्पन्न मात्र राज्याच्या सरासरीहून कमी. शिकलेला जिल्हा सधन असतोच असं धरून चालणाऱ्याला गोंदिया पहिल्याच पायरीवर अडवतो.

या वादात दोन पक्ष आहेत आणि दोघांच्या तोंडी ठरलेली वाक्यं आहेत. एक म्हणतो, आमच्या आजानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मिल उभी केली. शिकलेली पोरं नुसती कागद हलवतात. दुसरा म्हणतो, ते दिवस गेले, आता जीएसटी आणि ई-निविदेच्या काळात अडाणी माणूस टिकत नाही. पहिल्या पक्षाची अडचण अशी की शाळा न शिकता बुडालेल्या माणसाचं चरित्र कोणी लिहीत नाही. जे तरले त्यांचेच फोटो ऑफिसात हार घालून लागतात. बुडालेल्यांची मोजणी केल्याशिवाय 'न शिकता यशस्वी' या गोष्टीला पुराव्याची किंमत नाही.

महाराष्ट्रात या पक्षाचे लोक कधीकधी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतात: पदवी नव्हती, पण १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. उदाहरण भलत्याच बाजूचं आहे. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्याचा दोष निघाला म्हणून ती वाट सुटली. पुढे यांत्रिक रेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी अमेरिकेत एमआयटीत शिकायला पाठवलं. पदवी नसलेला हा माणूस त्या काळच्या बहुतेक पदवीधरांपेक्षा आपल्या धंद्यापुरता जास्त शिकलेला होता.

आता आकड्यांकडे. विकसनशील देशांतले अनेक अभ्यास एकत्र करून व्हॅन डर स्लाइस, व्हॅन प्राग आणि व्हायव्हरबर्ग यांनी २००५ साली हिशेब मांडला: मालकाचं शाळेतलं एक वर्ष वाढलं की धंद्याचं उत्पन्न सरासरी साडेपाच टक्क्यांनी वाढतं. चक्रवाढीनं पाहिलं तर शाळेत कधीच न गेलेला आणि दहावी झालेला यांच्यात सत्तर टक्क्यांचं अंतर पडतं. हे ऐकून दुसरा पक्ष टाळ्या वाजवेल. पण २०११ साली उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर नमुन्यांवरचे अभ्यास चाळून पाहिलं की शिक्षण, अनुभव, ज्ञान या साऱ्या मानवी भांडवलाचा धंद्याच्या यशाशी संबंध किती घट्ट आहे. सहसंबंध निघाला जेमतेम ०.१. एक धंदा चालतो आणि दुसरा बसतो, या फरकाच्या शंभर हिश्शांतला सुमारे एक हिस्सा. बाकीचे नव्याण्णव जागा, भांडवल, सोयरीक, पाऊस, सरकारी धोरण आणि नशीब यांच्या वाट्याला.

ही दोन उत्तरं परस्परविरोधी वाटतात, तशी ती नाहीत. सरासरी चढ खरा आहे. पण त्या चढावर माणसं इतकी विखुरलेली आहेत की एखाद्याचा दाखला पाहून त्याचा गल्ला सांगता येत नाही. उंगर यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. किती वर्षं शिकला यापेक्षा त्यातून हाताशी काय आलं, आणि ते त्याच धंद्याचं आहे का, याचा यशाशी जास्त जवळचा संबंध दिसतो. बी.कॉम. होणं एक आणि कीर्द-खतावणी वाचून कुठल्या गिऱ्हाइकाची उधारी सडते आहे ते ओळखणं दुसरं.

या आकड्यांत एक खोडही आहे, आणि ती गोंदियाला फार लागू पडते. शिकलेला मालक बहुधा पैसेवाल्या घरातला असतो. मिलमालकाचा मुलगा नागपूरला शिकतो आणि परत येऊन मिल चालवतो. मिल चालली तर श्रेय पदवीचं की बँकेत बापाची जी पत आहे तिचं? त्यामुळे साडेपाच टक्क्यांचा आकडा तळहातावर घेऊन नाचू नये.

शिक्षण नेमकं कुठे उपयोगी पडतं, याचं मला पटलेलं उत्तर अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९७५ साली दिलं. सगळं घडी बसल्यासारखं चालू असेल तर शिकलेला आणि न शिकलेला दोघंही सारखेच. परंपरेनं ठरवलेली रीत दोघांनाही पाठ असते. घडी विसकटली की शिकलेला लवकर सावरतो. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी १९९६ मध्ये हरितक्रांतीच्या काळातल्या भारतीय शेतकऱ्यांवर हेच दाखवलं: जिथे नवं बियाणं फायद्याचं ठरलं तिथे प्राथमिक शाळेची किंमत वाढली.

गोंदियाच्या मिलची घडी अलीकडच्या वर्षांत किती वेळा विसकटली ते पाहा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर पाच टक्के कर बसला, पण २५ किलोपर्यंतच्याच पिशवीवर. लगोलग बाजारात २६ किलोची पिशवी दिसू लागली. ती एका किलोची वाढ ज्यानं अधिसूचना वाचली किंवा वाचून घेतली त्याला पहिल्या आठवड्यात सुचली, बाकीच्यांना शेजारच्याचं पाहून. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची, म्हणजे आपल्या कनकीची, निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबली. उकड्या तांदळावर पुढच्याच महिन्यात निर्यात शुल्क लागलं. पांढऱ्याची बंदी उठली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. दाणा चावून ओल सांगता येते. दिल्लीहून निघालेली अधिसूचना चावून पाहता येत नाही.

सरकारी धानाच्या भरडाईचंही तेच. एक क्विंटल धान उचललं की ६७ किलो तांदूळ परत जमा करायचा, उकडा असेल तर ६८. भरडाईचा केंद्राचा दर साध्या तांदळाला क्विंटलमागे दहा रुपये, उकड्याला वीस. राज्य वरून काही देतं. कोंडा, कनकी आणि तूस यांतून मिलवाल्याला आपलं भागवायचं असतं. दाणा जास्त तुटला की ६७ किलो भरता भरता घरचा तांदूळ घालावा लागतो. कुठल्या वाणाचं धान किती तुटेल, कुठल्या केंद्रावरचा माल घ्यायचा, कुठला टाळायचा, हे कुठल्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत. पण करारनामा, बँक हमी, बारदान्याचा हिशेब आणि जमा पावत्या यांत चूक झाली तर त्या सगळ्या जाणतेपणाचं पाणी होतं. एकाच धंद्याला दोन शाळा लागतात, आणि त्या दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात क्वचित सापडतात.

इथेच या विषयावरच्या बहुतेक संशोधनाची चूक आहे असं माझं मत आहे. प्रश्नावलीत विचारतात: मालकाचं शिक्षण किती? मालक म्हणजे पाटीवर ज्याचं नाव तो. मिलच्या ऑफिसात जाऊन बघा. गादीवर बाबूजी, समोर धानाचे नमुने. फोनवर दलालाशी हिंदीत भाव चालू आहे. बाजूच्या टेबलावर पुतण्या किंवा सून लॅपटॉपवर रिटर्न भरते आहे. कोपऱ्यात मुनीमजी, ज्यांना तीस वर्षांची येणी-देणी तोंडपाठ. या धंद्याचं शिक्षण किती वर्षांचं धरायचं? बाबूजींचं चौथीचं, सुनेचं एम.कॉम.चं, की मुनीमजींचं, जे कुठल्याच दाखल्यावर नाही?

कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर यांनी १९९८ साली साक्षरता मोजण्याची एक वेगळी रीत सुचवली. ज्याच्या घरात एक तरी वाचणारं माणूस आहे तो निरक्षर आणि ज्याच्या घरात कोणीच नाही तो निरक्षर, या दोघांना एका रकान्यात घालू नका, असं त्यांचं म्हणणं. पुढे बसू, नारायण आणि रव्हॅलियन यांनी बांगलादेशात तपासलं, तर घरात साक्षर माणूस असलेल्या निरक्षराची शेतीबाहेरची कमाई खरोखर जास्त निघाली. डीन जॉलिफ यांनी घानामध्ये कुटुंबप्रमुखाचं शिक्षण आणि घरातल्या सर्वांचं शिक्षण शेजारी ठेवलं. उत्पन्नाशी दुसऱ्याचा मेळ जास्त चांगला बसला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुठल्याही गोंदियावासीयाला यात नवल वाटणार नाही. नवल हे की आपल्या योजना अजून एकट्या अर्जदाराचाच दाखला मागतात.

घर हे बळ, तशीच ती मर्यादा. आपल्याच राज्यातल्या तारापूरच्या आणि सीमेपलीकडच्या उंबरगावच्या कापड गिरण्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार फुकट दिले. त्यांनी शिकवलं ते अगदी साधं: सुताचा साठा मोजा, यंत्र कधी बंद पडतं ते लिहा, खराब कापडाची नोंद ठेवा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आधी का केलं नाही? काहींना ठाऊक नव्हतं, काहींना फायद्याचं वाटत नव्हतं. आणि गिरणी किती मोठी होईल हे कशावर ठरत होतं? मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर. परक्या व्यवस्थापकावर भरवसा नाही म्हणून जितके भाऊ तितक्या गिरण्या. बायकांची गणती त्या हिशेबात नव्हतीच. गोंदियाच्या मिलच्या ऑफिसात लॅपटॉपपाशी बसलेल्या सुनेचं नाव पाटीवर कधी येतं, हा प्रश्न मी इथे सोडून देतो. घरोघरी उत्तर ठाऊक आहे.

बायकांच्या धंद्यात ही गोष्ट आणखी उघडी पडते. बचत गटात लिहिता-वाचता येणारी बाई सचिव होते. सुरुवातीला ते सोयीचं असतं: एकीच्या अक्षरावर दहाजणींचं कर्ज मिळतं. काही वर्षांनी तीच एकटी बँकेत जाते, तिलाच साहेब ओळखतात, रजिस्टर तिच्याच घरी राहतं. ती लग्न होऊन गेली किंवा रुसली की गट बसतो. ग्रामीण भागात फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला अशी उदाहरणं विचारा. शिक्षण उसनं मिळतं हे बसूंचं म्हणणं खरं. पण ज्याच्याकडून उसनं घेतलं तो सावकार होऊ शकतो, हेही तितकंच खरं. अहमदाबादेत सेवा बँकेच्या सभासद बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण देऊन पाहिलं तेव्हा मैत्रिणीला बरोबर घेऊन आलेल्या बायकांना जास्त फायदा झाला. गटात अक्षर ओळखणाऱ्या दोघी असाव्यात, एवढा साधा नियम त्यातून काढता येतो.

जिल्ह्यातल्या देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागात याहून मोठा प्रयोग सुरू आहे आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी त्याची दखल घ्यायला हवी. तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९च्या कायद्यानं सरकारच्या हाती होता. २००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले आणि २०१३च्या सुमारास गडचिरोली आणि गोंदियातल्या काही ग्रामसभांनी आपला पत्ता आपणच विकायचं ठरवलं. म्हणजे एका गावानं उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरतं पेढी व्हायचं. ठराव लिहायचा, निविदा काढायची, व्यापाऱ्याशी करार करायचा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रोज किती पुडे आले ते मांडायचं, वाहतुकीचा परवाना घ्यायचा, मजुरी खात्यात टाकायची, उरलेल्या पैशाचं काय करायचं ते सभेत ठरवायचं. पान कुठलं बिडीचं आणि कुठलं टाकाऊ हे म्हातारीला जन्मापासून माहीत. करारातलं उशिरा पैसे दिल्यास काय हे कलम वाचायला शाळा शिकलेलं पोरगं लागतं. काही गावांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले. अशा वेळी करार कसा लिहिला होता यावर गावाची वर्षाची कमाई ठरते. इथे नेता एकटा नाही, सभा आहे, आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा असतो. वाचून दाखवण्याची ही सक्ती मला कुठल्याही पदविकेहून मोठी वाटते, कारण तीत न शिकलेला माणूसही प्रश्न विचारतो.

मग शिकलेली पोरं धंद्यात का येत नाहीत? याचं उत्तर २००५च्या त्याच अभ्यासात आहे: गरीब देशांत शिक्षण वाढलं की माणूस नोकरीकडे वळतो. गोंदियाच्या बाबतीत यात इतिहासाचा एक गमतीचा पेच आहे. बिडीच्या व्यापारातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, नटवरलाल माणिकलाल दलाल वाणिज्य महाविद्यालय ही तिचीच. आजही ९ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदकं दिली जातात. धंद्यानं शाळा काढल्या, आणि शाळांनी पोरं धंद्यापासून दूर नेली: नागपूर, पुणे, रायपूर, नाहीतर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. जेन्नाओली आणि सहकाऱ्यांनी ११० देशांतले दीड हजारांहून जास्त प्रदेश तपासून २०१३ साली म्हटलं की प्रदेशाच्या प्रगतीत धंदा चालवणाऱ्यांचं शिक्षण फार मोठं काम करतं, कामगारांच्या शिक्षणाहूनही मोठं. ते खरं असेल तर ८५ टक्के साक्षरता असून उत्पन्न मागे का, याचं निदान अर्धं हातात आलं: शिकलेला पदवीधर इथे मोजला जातो, पण दुकानाच्या गल्ल्यावर बसत नाही.

सरकारनं यावर काय केलं? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर किंवा सेवेचा पाच लाखांच्या वर असेल तर अर्जदार आठवी पास हवा. २०२३च्या विश्वकर्मा योजनेत शाळेची अट नाही. उलट शिकताना दिवसाला पाचशे रुपये मिळतात. मला दुसरी रीत बरी वाटते. पहिलीत आठवीचा आकडा कुठून आला असेल ते समजतं, कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण तीस वर्षं मिलचं यंत्र चालवलेल्या मिस्त्रीला स्वतःची छोटी मिल टाकायला तो दाखला आडवा येतो, आणि मिल कधी आतून न पाहिलेल्या पदवीधराला येत नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर आपल्याकडे ते नवं नाही. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना यशाची ओढ शिकवता येते का ते पाहिलं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे. वर्गातल्या हिशेबाच्या शिकवणीचा परिणाम मात्र बेताचाच दिसतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या दुकानदारांना रीतसर लेखाशास्त्र शिकवलं, फरक पडला नाही. 'दुकानाचा पैसा एका खणात, घराचा दुसऱ्या खणात' असे ठोकताळे शिकवले, तेव्हा पडला. टोगो देशात दीड हजार धंदेवाल्यांवरच्या प्रयोगात नेहमीच्या धंदेशिक्षणानं ठोस काही हाती लागलं नाही, पण पुढाकार घ्यायला, अडचण येण्याआधी विचार करायला शिकवलं तेव्हा नफा ३० टक्क्यांनी वाढला. दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकाच खिशातून चालवणाऱ्या आपल्या दुकानदारांना पहिला धडा आजच लागू आहे.

शेवटी एक विनंती, गोंदियातल्या वाणिज्याच्या प्राध्यापकांना. प्रकल्पासाठी विद्यार्थी 'ग्राहक समाधान' असले विषय घेऊन छापील प्रश्नावल्या वाटत फिरतात. येत्या भरडाईच्या हंगामात त्यांना मिलच्या ऑफिसात आणि उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर पाठवा. मालकाचं शिक्षण विचाराच, पण खाली तीन ओळी वाढवा: हिशेब कोण लिहितं, सरकारी कागद कोण वाचतं, आणि त्या माणसाचं म्हणणं मालक ऐकतो का. बंद पडलेल्या मिललाही जा. तिथे आता कुलूप असेल. शेजारच्या पानठेल्यावर विचारा.